कोंडलेली कीड

धान्य किडतं, वांगं किडतं, लाकूड किडतं आणि मराठीत दातही किडतो. शब्दातच एक चित्र दडलेलं आहे: कुणीतरी आत शिरलंय, पोखरतंय, त्याला बाहेर काढलं की काम झालं. या चित्रावर विश्वास ठेवून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतली गेली. निखाऱ्यावर बिया टाकायच्या, धूर दुखऱ्या दाढेपर्यंत पोचवायचा, लाळ गळू द्यायची. मग धुरी देणारा ‘हे बघा, किडे पडले’ म्हणून दाखवायचा. युरोपात हेच काम खुरासानी ओव्याच्या बियांवर चालायचं. तिथे कुणी नीट निरखून पाहिलं तेव्हा कळलं, की ते बारीक पांढरे किडे म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतून बाहेर आलेले अंकुर होते. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवलं, की शोधूनही आपल्याला दातात किडा दिसलेला नाही.

किडा नाही हे जगाने मान्य केलं. पण तो असल्यासारखं खणत राहायची सवय दंतवैद्यकात पुढे दोनशे वर्षांहून जास्त टिकली. या प्रकरणात ज्या उपचाराबद्दल सांगायचं आहे, तो या सवयीच्या उलट दिशेने जातो. सुरुवातीची कीड कोरून काढायची नाही, ती आहे तिथेच वरून बंद करून टाकायची. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी दचकलो होतो. घाण आत ठेवून वरून गिलावा करण्यासारखंच वाटलं. ती शंका मनात धरूनच पुढे वाचा. अनेक दंतवैद्यांच्या मनातही ती कित्येक वर्षं होती.

दाताच्या बाहेरच्या चकचकीत थराला इनॅमल म्हणतात. आपल्या शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे घट्ट रचलेले स्फटिक. त्याच्या आत डेंटिन. ते थोडं मऊ, पिवळसर, असंख्य सूक्ष्म नळ्यांनी भरलेलं. आणि मध्यभागी रक्तवाहिन्या व मज्जातंतूंचा जिवंत गाभा, ज्याला आपण सरसकट ‘नस’ म्हणतो. इनॅमलमध्ये एकही जिवंत पेशी नसते. हाड मोडलं तर सांधतं, कातडी फाटली तर भरून येते, पण एकदा खरवडलेलं इनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही. ही एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवली तरी पुढचं सगळं समजेल.

दातांवर सतत एक चिकट थर साठत असतो. त्यातले जिवाणू आपण खाल्लेली साखर आंबवतात आणि आम्ल सोडतात. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने १८९० साली हे सविस्तर मांडलं. दातालगतच्या थराचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळू लागतं. अर्ध्या-पाऊण तासात लाळ ते आम्ल पातळ करते आणि सोबत आणलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट परत स्फटिकांत बसवू लागते. म्हणजे प्रत्येक जेवणानंतर, प्रत्येक गोड चहानंतर दातातून थोडं खनिज जातं आणि थोडं परत येतं. दिवसातून दोन-तीनदा गोड खाणाऱ्याचा हिशेब जमतो. सकाळपासून गोळ्या-बिस्किटं चघळणाऱ्या मुलाच्या दातांना परतफेडीला उसंतच मिळत नाही.

हा तोटा वाढत गेला की आधी दिसतो तो खडूसारखा पांढरा ठिपका. त्याची रचना विलक्षण असते. सगळ्यात वरची पातळ कातळी बऱ्यापैकी शाबूत राहते आणि तिच्या खाली खनिज निघून गेल्याने इनॅमल भुसभुशीत, सच्छिद्र झालेलं असतं. ओल्या दातावर हा ठिपका चटकन दिसत नाही, कारण छिद्रांत पाणी असतं. डॉक्टर पाच सेकंद हवेचा झोत मारतात, पाणी उडून छिद्रांत हवा येते आणि ठिपका उठून दिसतो. पूर्वी अशा जागी टोकदार सळई रुतवून ती अडकते का हे पाहायचे. त्या रुतवण्यानेच वरची कातळी फुटायची आणि जिथे भोक नव्हतं तिथे पडायचं. आता बोथट, गोल टोकाची सळई नुसती फिरवायची असं शिकवतात.

दाढेच्या वरच्या पृष्ठभागावर हीच गोष्ट खाचांच्या तळाशी घडते. दाढेवर डोंगर-दऱ्या असतात आणि काही दऱ्या इतक्या अरुंद, की टूथब्रशचा एक केसही त्यांत शिरत नाही. कायमच्या दाढांमधली बहुतांश कीड इथेच सुरू होते. मूल कितीही मन लावून दात घासो, त्या खाचेच्या तळाशी त्याचा हात पोचणार नसतो. ‘नीट घासत नाहीस म्हणून दाढ किडली’ असं मुलांना ऐकवताना हे आपल्या ध्यानात नसतं, याचं मला वाईट वाटतं.

आता खणण्याच्या सवयीकडे. १८५९ साली लंडनचे जॉन टोम्स यांनी लिहिलं होतं, की नस उघडी पडण्याचा धोका असेल तर डेंटिनचा रंग बदललेला थर आत राहू द्यावा, त्याने नसेचं रक्षणच होतं. हे शहाणपण फार काळ चाललं नाही. ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक हे अमेरिकेतल्या आधुनिक दंतवैद्यकाचे एक जनक मानले जातात. १९०८ च्या त्यांच्या ग्रंथाने अर्ध्या शतकाहून अधिक काळ जगभरच्या विद्यार्थ्यांना शिस्त लावली. त्यांचं म्हणणं होतं, की कीड पूर्ण निघाली पाहिजे, आणि एवढ्यावर न थांबता शेजारच्या निरोगी खाचाही कोरून भरणात सामील केल्या पाहिजेत, म्हणजे पुढे तिथे कीड लागायला नको. त्यांच्या काळात हे बरोबरच होतं. हाताशी होतं ते पारा आणि चांदीचं मिश्रण, आपण ज्याला ‘दातात चांदी भरली’ म्हणतो ते. ते दाताला चिकटत नाही. ते टिकावं म्हणून तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद अशी पेटीच कोरावी लागते. तांदळाएवढ्या किडीसाठी निरोगी दाताचा मोठा भाग जायचा, तो किडीमुळे नव्हे, भरणाच्या सोयीसाठी. १९५७ साली हवेवर फिरणारं, मिनिटाला लाखो फेरे घेणारं यंत्र आलं आणि कोरणं अगदी सोपं झालं.

पुढचा प्रवास माझ्या स्वतःच्या उजव्या खालच्या दाढेने केला आहे. बाराव्या वर्षी खाचेत काळा ठिपका दिसला म्हणून तिच्यात चांदी भरली गेली. त्या वेळी ती दुखत नव्हती. पंचविशीत भरणाची कड फुटली, पुन्हा कोरून मोठी चांदी. चाळिशीच्या आत दाढेचा एक कोपराच तुटला, मग रूट कॅनॉल, मग कॅप. प्रत्येक वेळी डॉक्टरांनी त्यांच्या शिक्षणाप्रमाणे योग्य तेच केलं. पण प्रत्येक दुरुस्तीत दात आधीपेक्षा लहान झाला. भरणाला आयुष्य असतं, ते संपलं की मोठं भरण लागतं, आणि या साखळीची पहिली कडी म्हणजे पहिलं कोरणं. ते जितकं पुढे ढकलता येईल तितका दात जास्त जगतो. कमीत कमी छेद देणाऱ्या दंतोपचारांचा सगळा विचार या एका निरीक्षणावर उभा आहे.

बंद करायचं तर दाताला घट्ट चिकटणारा पदार्थ हवा. ओल्या, गुळगुळीत इनॅमलला काहीच धरत नाही, हीच अडचण होती. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या ईस्टमन दंतसंस्थेत मायकेल बुओनोकोर यांना कारखान्यांतली एक रीत ठाऊक होती. धातूला रंग नीट धरावा म्हणून पृष्ठभागाला आधी फॉस्फोरिक आम्ल लावत. त्यांनी तेच आम्ल, ८५ टक्के तीव्रतेचं, दातावर ३० सेकंद लावलं. इनॅमलवर सूक्ष्म खड्डे पडले, प्लास्टिकची राळ त्यांत शिरून घट्ट झाली आणि सहज निघेना. १९५५ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. लाल मातीच्या भिंतीला टाचे मारून मग गिलावा करतात, तेच काम इथे आम्लाने केलं. आज जगभर दातांना राळेने जे काही चिकटवलं जातं त्याच्या मुळाशी ते ३० सेकंद आहेत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बुओनोकोर आणि त्यांचे सहकारी दाढांच्या खाचा बुजवायला लागले. या भरणाला सीलंट म्हणतात.

निरोगी खाच बुजवायला कुणाचा आक्षेप नव्हता. पण चुकून कीड असलेली खाच बुजली तर? आतल्या आत सगळं पोखरलं जाईल, ही भीती. तिचं उत्तर शोधलं त्याच ईस्टमन संस्थेतल्या स्टॅन्ली हँडलमन यांनी. त्यांनी किडलेल्या खाचा मुद्दाम सीलंटने बंद केल्या आणि ठरावीक काळाने उघडून आतल्या जिवंत जिवाणूंची मोजदाद केली. दोन आठवड्यांतच संख्या घसरली होती. दोन वर्षांनी ती जवळपास दोन हजार पटींनी कमी झाली होती. हे निष्कर्ष १९७६ साली आले.

सोलापूर-मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना याचं नवल वाटू नये. पेवात ज्वारी ठेवणाऱ्यांना ही विद्या माहीत होती. जमिनीत खोल खड्डा, आतून पेंढा, त्यात धान्य आणि तोंडावर चिखलमातीचं घट्ट लिंपण. आत गेलेल्या धान्यात किडे नव्हतेच असं कधीच नसायचं. पण आतली हवा संपत जायची, किडे मरायचे आणि ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. कंदील खाली सोडून तो विझत नाही ना, हे आधी पाहायचे. किडे एकेक वेचून पेव भरलं, असं कुणी केलं नाही. तोंड घट्ट बंद आहे की नाही, याचीच काळजी घेतली.

दातात फरक एवढा, की जिवाणूंना हवेवाचून भागतं, साखरेवाचून भागत नाही. वरून साखर बंद झाली की आम्ल बंद होतं. काही जिवाणू नसेकडून झिरपणाऱ्या द्रवावर तग धरतात, पण दात विरघळवण्याइतकी धमक त्यांच्यात उरत नाही. दरम्यान नसेलगतच्या जिवंत पेशी स्वस्थ बसलेल्या नसतात. त्या आतल्या बाजूने नवं डेंटिन घालू लागतात. बाहेरून डॉक्टरने लिंपलं, आतून दात स्वतः लिंपतो. मऊ पडलेलं डेंटिन हळूहळू कोरडं, कठीण, गडद होतं.

सगळ्यात धाडसी प्रयोग झाला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, ईवा मर्ट्झ-फेअरहर्स्ट यांच्या देखरेखीखाली. १२३ रुग्ण. त्यांच्या दाढांमध्ये उघडी, डेंटिनपर्यंत गेलेली कीड होती. क्ष-किरण चित्रात ती डेंटिनच्या निम्म्यापर्यंत पोचलेली दिसत होती. एका गटात फक्त कडेचं इनॅमल साफ करून, कीड जशीच्या तशी ठेवून, वरून चिकटणारं भरण आणि सीलंट केलं. दुसरीकडे नेहमीप्रमाणे कीड काढून चांदी भरली. दहा वर्षं पाठपुरावा केला. १९९८ साली निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा दिसलं, की बंद करून ठेवलेली कीड पुढे सरकलेली नव्हती. एवढी मोठी कीड आज कुणी मुद्दाम तशीच ठेवणार नाही. कडा नीट साफ करून, मधलं अगदी मऊ तेवढं काढतात. पण जर एवढी मोठी कीडही कोंडल्यावर थांबते, तर खाचेतला चिमुकला ठिपका कोरून काढायची घाई कशासाठी, हा प्रश्न त्या दहा वर्षांनी कायमचा पुढे ठेवला.

प्रत्यक्षात हे काम खुर्चीवर कसं दिसतं? दाढ ब्रशने स्वच्छ करतात. कापसाचे बोळे ठेवून ती कोरडी राखतात. आम्लाची निळी जेल १५ ते ३० सेकंद लावून धुतात, वाळवतात. आता ती जागा गोठलेल्या काचेसारखी निस्तेज दिसली पाहिजे. पातळ राळ खाचांतून फिरवतात, निळ्या प्रकाशाखाली ती २० सेकंदांत घट्ट होते. इंजेक्शन नाही, मशीनचा तो आवाज नाही. सगळ्यात मोठा शत्रू लाळ. धुतलेल्या जागेवर एकदा लाळ लागली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तोंड स्थिर न ठेवणाऱ्या लहानग्यांसाठी किंवा अर्धवट उगवलेल्या दाढेसाठी ग्लास आयोनोमर सिमेंट वापरतात. थोडी ओल असली तरी ते दाताशी रासायनिक बंध जोडतं आणि फ्लोराइड सोडत राहतं. बोटाने दाबून बसवलं तरी चालतं. १९८० च्या दशकात टांझानियात यो फ्रेंकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीज नसलेल्या ठिकाणी नुसती हातातली हत्यारं आणि चिकट सिमेंट वापरून दात वाचवायची पद्धत बसवली. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. मेळघाटातल्या आश्रमशाळेत विजेवर चालणारी दंतवैद्याची खुर्ची पोचायची वाट न पाहता हे करता येतं, म्हणून मला ही नोंद फार मोलाची वाटते.

दोन दातांच्या मधल्या पांढऱ्या ठिपक्यावर, किंवा तारा काढल्यावर पुढच्या दातांवर राहिलेल्या डागांवर, वरून थर देणं जमत नाही. तिथे राळ आत मुरवतात. बर्लिन आणि कील इथल्या संशोधकांनी ही पद्धत विकसित केली, २००९ साली ती बाजारात आली. वरची कातळी १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने दोन मिनिटांत उघडी करतात, अल्कोहोलने छिद्रं वाळवतात आणि अगदी पातळ राळ तीन मिनिटं तशीच राहू देतात. दिव्यातलं तेल वातीत चढावं तशी ती छिद्रांत ओढली जाते आणि मग प्रकाशाने घट्ट होते. जिथून आम्ल आत जायचं त्या वाटाच भरून गेल्या. शिवाय पांढरा डाग नाहीसा होतो, तो पाहताना प्रत्येकाला आश्चर्य वाटतं. भज्यांच्या कागदावर तेल पसरलं की तो आरपार दिसू लागतो, तेच हे. इनॅमलचा अपवर्तनांक १.६२, हवेचा १. या तफावतीमुळे प्रकाश विखुरतो आणि डाग पांढरा दिसतो. राळेचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, इनॅमलच्या जवळचा. प्रकाश विखुरायचा थांबतो.

दुधाच्या दाढांसाठी स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल यांनी काढलेली रीत तर ऐकूनच मुलांचे आईबाप सुखावतात. साध्या दवाखान्यात काम करणाऱ्या या दंतवैद्य बाईंनी किडलेल्या दुधाच्या दाढेवर, काहीही न कोरता, स्टीलची तयार टोपी सिमेंट भरून नुसती बसवायला सुरुवात केली. गरज पडली तर आधी काही दिवस दातांच्या फटीत रबराचं छोटं कडं ठेवायचं. मग टोपी ठेवून मुलाला चावायला सांगायचं. दात आधी थोडे उंच लागतात, काही आठवड्यांत बसतात. पुढे टेसाइड भागातल्या १३२ मुलांवर रीतसर तुलना झाली. पाच वर्षांनंतर दुखणं किंवा गळू अशा मोठ्या अपयशाचं प्रमाण टोपीखालच्या दाढांत ३ टक्के होतं, नेहमीच्या भरणांत १६.५ टक्के.

याला मर्यादा आहेत आणि त्या नीट सांगायलाच हव्यात. रात्री झोपेतून उठवणारी कळ, हिरडीवर पुळी, सूज, गरम लागल्यावर बराच वेळ टिकणारी ठणक, ही नस आजारी असल्याची लक्षणं. अशी दाढ बंद करून ठेवणं म्हणजे दुखणं कोंडणं, तिथे वेगळे उपचार लागतात. म्हणून आधी क्ष-किरण चित्र काढून कीड किती खोल आहे ते पाहणं गरजेचं. सीलंटचा कोपरा उडाला तर साखर पुन्हा आत पोचते. पेवाला भेग पडली की जे होतं तेच. दर सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा, ते तपासून घ्यायचं हा उपचाराचाच भाग आहे. परत न येणाऱ्या रुग्णासाठी डॉक्टरने भरणाचा पर्याय निवडला, तर त्यामागे कारण असतं. आणि सीलंट त्या खाचेपुरतंच. शेजारच्या गुळगुळीत बाजूला फ्लोराइडची पेस्ट आणि कमी गोड यांचाच आधार.

एक गोष्ट मात्र आपल्या घरांत वारंवार निसटते. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते आणि ती येताना एकही दुधाचा दात पडत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, गालाच्या अंधारात ती गुपचूप उगवते. घरच्यांना वाटतं, तीही दुधाचीच. पडणार आहे, किडली तर किडली. पूर्ण वर यायला तिला कित्येक महिने लागतात. त्या काळात ती शेजारच्या दातांपेक्षा खाली असते, ब्रश तिच्यावरून निघून जातो, आणि तिचं इनॅमल अजून कोवळं असतं. आयुष्यभर चावायची मुख्य दाढ सर्वांत जास्त जोखमीत असते ती नेमकी याच दिवसांत.

माझी भाची सहा वर्षं चार महिन्यांची असताना मी मोबाइलचा टॉर्च लावून तिच्या तोंडात पाहिलं. खाली दोन्ही बाजूंना नव्या दाढा होत्या, डावीच्या खाचेत तपकिरी रेघ. डॉक्टरांनी ती वाळवून पाहिली, चित्र काढलं, म्हणाल्या, इनॅमलमध्येच आहे. दोन्ही दाढा बंद करायला वीस मिनिटं लागली. सहा महिन्यांनी डाव्या दाढेवरच्या सीलंटची मागची कड उडालेली दिसली. तेवढीच जागा धुऊन, वाळवून पुन्हा भरली. रेघ होती तेवढीच होती. वरच्या दाढा तेव्हा नुकत्याच हिरडीतून डोकावत होत्या. त्यांच्यासाठी तीन महिन्यांनंतरची तारीख ठरली, आणि तिने ती स्वतःच्या हाताने कालनिर्णयवर लिहिली.